गायक चार, तालसाथ एक

सदा, गेल्या बुधवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी शहापूरच्या एका दवाखान्यात तू गेलास. हृदयविकाराचा झटका. भातसानगरहून जीपने आणताना तू शुद्धीवर होतास. कुंदावहिनी शेजारी होत्या. मी पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तुझ्या तोंडावर चादर ओढलेली होती.

एवढं खात्रीचं आहे. यापुढचं बहुतेक माझ्या आठवणीतलं. बातमी आठवणीवर लिहू नये, असं मला वर्तमानपत्रात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं आणि ते मी पाळत आलो. तुझ्याबाबतीत दुसरं काही हाताशी नाही. आपल्या गाण्याची कॅसेट भरायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं. तुझा आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्याकडेच तो आहे.

सुरुवातीपासून सांगतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. धरणाच्या कॉलनीत गणपतीचे दिवस, संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम, आणि ढोलकी बोलत नव्हती. धरणाच्या पायथ्याशी पावसाळ्यात काहीच कोरडं राहत नाही. काड्यापेटी, मीठ, कपाटातले कपडे, सगळं ओलसर. पेटीच्या पट्ट्या फुगून बसल्या होत्या. ढोलकीचं कातडं सैल पडलं होतं. मी वर्तमानपत्र पेटवून धगीवर ढोलकी शेकायला घेतली. कातडं ताणलं, आवाज चढला, लोकांनी माना डोलावल्या, आणि मग ते तडकलं. विलास गुरुजी गाणं सांगून बसले होते. किन्हवलीच्या शाळेतले मास्तर, एकदा सांगितलेलं गाणं ते मागे घेत नसत. त्यांनी नुसत्या गळ्याने सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीला ढोलकी आली.

लोक वळून बघू लागले. पुढे बसलेल्या एका बाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. तू मागच्या भिंतीला टेकून उभा होतास, रेनकोटसकट. नुकताच पातळी वाचून आला होतास. तुझं कामच ते होतं: जलाशयाच्या काठावरची आकड्यांची पट्टी, म्हणजे गेज, वाचायची, वहीत लिहायची, ऑफिसला कळवायची. पावसाळ्यात दर तासाला. तुझे ओठ जेमतेम हलत होते. रेनकोटवरून पाणी ठिबकत होतं आणि तुझ्या तोंडातून पूर्ण ढोलकी येत होती, धुमाळीचा ठेका, मधल्या शाईचा घुमारा आणि काठावरची चाट दोन्ही. गाणं संपलं तेव्हा गुरुजींनी विचारलं की हे कुठे शिकलास. तू म्हणालास, "शिकाया कोन बसलाय? गेजवर दुसरं करायला काय असतं?"

तिथून आपण पाच जण झालो. गुरुजी मुख्य आवाज. मंगल, कॉलनीच्या दवाखान्यातली नर्स, वरचा आवाज. आसनगावचा एकनाथ, मधला. मी खर्जात एक सूर धरून बसायचो, तंबोऱ्यासारखा. आणि तू ताल. नाव ठेवलं 'पाच गळे'. ते मंगलने सुचवलं. गावात कुणी ते वापरलं नाही. लोक म्हणायचे, तोंडवाली पार्टी आली.

रविवारी दुपारी आपण कॉलनीच्या स्टोअरच्या ओट्यावर बसायचो. पण मला आठवतो तो एकच रविवार, तू साहेबांची परवानगी काढून आम्हाला धरणाच्या पोटात नेलंस तो. भिंतीच्या आत एक बोगदा आहे, माणूस ताठ उभा राहील एवढा. झिरपलेलं पाणी छतातून, बाजूंनी ठिबकतं आणि खालच्या नालीतून वाहतं. लांब लांबवर एकेक दिवा. तू आम्हाला ओळीने उभं केलंस आणि काही बोलू नका म्हणालास. आम्ही ऐकत उभे राहिलो. आधी नुसतं ठिबकणं ऐकू आलं. मग एक जलद थेंब वेगळा झाला, मग त्याच्या मागचा सावकाश. कितीतरी वेळाने ते दोन्ही एकदम पडले. तू बोट वर केलंस. पुन्हा ते वेगळे झाले आणि पुन्हा बऱ्याच वेळाने भेटले. तू पुन्हा बोट वर केलंस. मग तू तोंडाने ठेका धरलास. तो बोगद्याच्या टोकापर्यंत गेला आणि उशिरा परत आला. परत आलेल्याला तू जागा करून दिलीस, त्याच्यामधून नवा वाजवलास. एक सदा माझ्या शेजारी होता, एक टोकाला आणि एक वाटेत. गुरुजींनी कधी गायला सुरुवात केली आणि माझा सूर कधी लागला, मला सांगता येणार नाही. माझ्या पायाखाली पाणी होतं आणि डोक्यावर सगळा जलाशय होता, आणि भीती वाटायला हवी होती, हे मला बाहेर उन्हात आल्यावर सुचलं. आत गेलो तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते. बाहेर आलो तेव्हा साडेबारा. दहा मिनिटं झाली असतील, असं मी एकनाथला म्हणालो. तो म्हणाला, पाच.

वाजवलास, असं मी वर लिहिलं. तू असतास तर इथेच थांबवलं असतंस. "वाजवलं नाय रे. गायलं."

हेच आपलं भांडण. वीस वर्षं चाललं. तुझं म्हणणं सरळ होतं: श्वास माझा, गळा माझा, ओठ माझे, गुरुजी 'आ' म्हणतात ते गाणं, तर मी 'धीं' म्हणतो तेही गाणं. माझं म्हणणं असं की गाण्याला सूर लागतो, शब्द लागतो, आणि ढोलकीचं काम जो करतो तो वाजवतो, मग ते कशानेही करो. तू म्हणायचास की मी गळ्याकडे न बघता कामाकडे बघतो. मी म्हणायचो, बातमीदार तेच करतो.

तुझं बघून मला जे कळलं ते असं. 'धीं' हा छातीतून यायचा, ओठ फुटायच्या आधी गळ्यात घुमायचा. 'ता' जिभेचा, टाळ्याला. 'कत्' मात्र तू श्वास आत घेताना म्हणायचास. आम्हा चौघांना श्वास घ्यायला थांबावं लागे. तुला लागत नसे, कारण तुझा श्वासच ठेक्यात बसवलेला होता. ओठ फुटू नयेत म्हणून तू त्यांना तूप लावायचास, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून भाजलेले चणे वर्ज्य. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायचास. पट्टी हलली तर पुन्हा. माइकसमोर फूं फूं ऐकू आलं तर ती थुंकी, गाणं नाही, असं तुझं मत.

ठमाबायच्या गावाला गेलो ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. किन्हवलीच्या पुढे, बस वळते तिथून पायी. त्या गावात एक नेम होता. भाताचा दाणा भरायला लागला की नवं भात गावदेवीला चढेपर्यंत गावात कुठलंही वाद्य वाजवायचं नाही. त्या दिवसांत वाजप झालं तर भात पोचट निघतं, म्हणायचे. सनई नाही, ढोल नाही, टेपरेकॉर्डरसुद्धा नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत धरणावरच्या तुझ्या सोबत्याच्या घरी, बारा वर्षांनी झालेल्या बाळाचं बारसं आलं. त्याला गाणं हवं होतं. त्याने तुझ्याकडे बघून हिशेब केला असणार: वाद्य नाही, माणसं आहेत.

दुपारची वेळ होती. अंगणात मांडव, खाली ओलं शेण, मांडवापलीकडे लगेच शेतं, लोंब्या जड होऊन एका बाजूला कललेल्या. वारा नव्हता. पाळण्यात बाळ झोपलेलं. गुरुजींनी पाळणा सुरू केला, मंगलने धरला, आणि तुझा ठेका आला तशी बायकांची कुजबुज थांबली. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि बंद करा म्हणाला. ही ढोलकीच आहे, कुठं लपवली आहे ती काढा. त्याला तुझं तोंड दाखवलं. तो म्हणाला, तोंडाने वाजवली तरी वाजवलीच ना. शेताला काय माहीत ती कशाने वाजते?

खरं सांगतो सदा, मला त्याचं पटलं होतं. तो माझीच बाजू मांडत होता.

मग ठमाबायला आणलं. गावातली सगळ्यात जुनी बाई, देवीला नवं भात तीच चढवायची. तिला हाताला धरून बसवलं. तिने तुला समोर बोलावलं.

"पोरा, ह्ये तू वाजवतंस का गातंस?"

"गातंय, बाय."

"मंग गा."

तिने उजवा हात तुझ्या गळ्यावर ठेवला. तू गुडघ्यावर बसलास आणि ठेका धरलास, एकटाच, गाण्याशिवाय. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने हात छातीवर नेला, मग पोटावर, मग पुन्हा गळ्यावर आणला. तुझ्या मानेची शीर तिच्या बोटांखाली हलताना मला दिसत होती. किती आवर्तनं झाली ते मी मोजलं नाही, आणि मी मोजणारा माणूस आहे. तेवढ्या वेळात मांडवाची सावली बाळाच्या पाळण्यावरून सरकून पलीकडे गेली होती, एवढं लक्षात आहे.

तिने हात काढला तो पदराला पुसला नाही. म्हणाली, "ढोलकीचं कातडं मेल्याचं. ह्ये जित्याचं हाय. वाजप नाय ह्ये. गाऊ द्या त्याला."

म्हातारा खाली बसला. तू उठलास तेव्हा तुझे डोळे भरलेले होते आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. दिवाळीनंतर मी पुन्हा त्या गावात गेलो आणि भात कसं निघालं ते चार घरी विचारलं. चांगलं निघालं होतं. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण संपलं असतं.

मुरबाडला समूहगीतांची स्पर्धा जाहीर झाली ती दशक संपता संपता. नियम दोन. वाद्य चालणार नाही. गायक किमान पाच. गुरुजी म्हणाले, ही स्पर्धा आपल्यासाठीच कुणीतरी ठेवली आहे. महिनाभर आपण रोज भेटलो. मंगलने रजा टाकली. तू गेजवरच्या बदलीच्या पाळ्या मागून घेतल्यास. अर्ज भरायचं काम माझं, कारण अक्षर माझं चांगलं आणि कागदपत्रांची सवय.

अर्जात एक रकाना होता: कलाकारांचा तपशील. मी लिहिलं, 'गायक चार, तालसाथ एक'.

मुरबाडला शाळेच्या पटांगणात मंडप होता. आपला क्रमांक यायच्या आधी एका आयोजकाने अर्ज हातात घेऊन आपल्याला बाजूला बोलावलं. बोलायला सभ्य माणूस होता. तुमचे गायक चार आहेत, पाच हवेत, म्हणाला. शिवाय साथीला परवानगी नाही, मग हे एक कोण? मंगलने अर्ज त्याच्या हातातून घेतला, वाचला आणि माझ्याकडे वळली. "वर काय लिहिलंयस? पाच गळे. खाली काय लिहिलंयस? चार. मोजायला तरी शीक." गुरुजींनी समजावून सांगितलं की ताल तोंडानेच आहे, वाद्य नाही. आयोजकाने मान डोलावली. त्याला आपल्याला घालवायचं नव्हतं. त्याने वाट काढून दिली: या गृहस्थांनी एक ओळ गाऊन दाखवावी, कुठलीही, मी पाचवे गायक म्हणून धरतो.

एक ओळ. तुला येत होती. तुझा गळा गोड होता, तुझ्या वैशालीला झोपवताना तू गायचास ते मी ओट्यावरून ऐकलं आहे. सगळे तुझ्याकडे बघत होते.

तू एक पाऊल पुढे झालास, श्वास घेतलास, आणि ठेका धरलास. पूर्ण आवर्तन. मग दुसरं, त्यात आत घेतलेल्या श्वासावरचे सगळे बोल. मग थांबलास. म्हणालास, "ही ओळ झाली."

आयोजक मनापासून हसला. "छान वाजवता हो," म्हणाला.

आपण मंडपाच्या कडेला उभं राहून दोन पथकं ऐकली आणि एसटी स्टँडवर आलो. एकनाथ तुझ्यावर भडकला होता. एक ओळ म्हटली असती तर काय बिघडलं असतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. महिनाभर आम्ही काय झक मारायला आलो? तू त्याला उत्तर दिलं नाहीस. मला दिलंस, मी काही विचारलं नसताना.

"ठमाबायनं गळ्यावर हात ठेवून सांगितलं. तू कागदावर पेन ठेवून सांगितलंस."

मी म्हणालो, "मी खरं तेच लिहिलं."

परतीची बस किन्हवलीवरून होती. राब भाजायचे दिवस. शेतांत पालापाचोळा पेटवलेला, धूर जमिनीलगत पसरलेला, आणि उन्हं कलती. गावं धुरातून अर्धी वर आलेली दिसत होती. कौलं दिसायची, भिंती नाही. एक माणूस कमरेपासून वरचाच चालत गेला. तू माझ्या पुढच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून झोपलास. थोड्या वेळाने मला ठेका ऐकू आला, इंजिनच्या आवाजाखाली, अगदी बारीक. मी वाकून पाहिलं. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, झोप गाढ. ओठ हलत होते. बस खड्ड्यात आपटली तरी ठेका मोडला नाही. मी तुझ्या श्वासाकडे बघत राहिलो, आत, बाहेर, आणि मला नकळत माझा सूर लागला, तोंड न उघडता. पलीकडे मंगलने मान वर केली. तिनेही धरला. किन्हवलीला गुरुजी उतरायला उठेपर्यंत आपण गात होतो, तू झोपेत आणि आम्ही दोघं जागे. हे तुला आम्ही कधी सांगितलं नाही. सांगायचं कसं, त्यावेळी तर आम्ही तुझ्यावर रागावलेलो होतो.

'पाच गळे' त्या दिवशी बंद पडलं असं नाही. पण एकनाथची नोकरी पनवेलला गेली, मंगलची बदली कल्याणला झाली, गुरुजींचा गळा बसू लागला. दोन हजार साल उलटल्यावर आपण पाच जण एकत्र उभे राहिल्याचं मला आठवत नाही. आपण दोघं भेटत राहिलो. शहापूरला स्टँडसमोर चहा, आणि चहाबरोबर तेच. तू म्हणायचास, तू अर्जात चूक केलीस. मी म्हणायचो, तू एक ओळ गायला हवी होतीस. मग तू बशीवर काही न वाजवता तोंडाने बशी वाजवायचास आणि चहावाला कप फुटला का म्हणून बघायचा.

वैशाली कॉलेजात गेली तेव्हा तिने घरी येऊन सांगितलं की बाबा करतात त्याला बीटबॉक्सिंग म्हणतात, मुंबईत मुलं शिकतात. तू मला फोन करून कळवलंस. "ऐकलंस का बातमीदार? आदी साथीदार होतो. आता खोका झालो."

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती भांडणाच्या बाहेरची आहे. दर पावसाळ्यात मला धरणाच्या पातळीची बातमी द्यावी लागे. ऑफिसातून अधिकृत आकडा येईल तेव्हा येईल. पाणी चढतंय का उतरतंय एवढं तू फोनवर सांगायचास आणि म्हणायचास, नाव नको घालू. मग मी लिहायचो, 'सूत्रांनी सांगितले'. अशा बातम्या किती झाल्या त्याची मोजदाद नाही. माझ्या वर्तमानपत्रात तू इतकी वर्षं होतास आणि तुझं नाव एकदाही नव्हतं. आपल्या मंडळावर मी एकदा लिहिलं होतं, त्यातही गायकांची चार नावं आणि 'त्यांना तोंडी तालाची साथ लाभली' असं वाक्य. तू ते कात्रण घडी करून खिशात ठेवलंस.

त्या चार नावांत एक माझं होतं.

हे मला सांगायचं होतं आणि सांगितलं नाही. मी एकच सूर धरायचो, सदा. दोन तासांच्या कार्यक्रमात एक. शब्द नाही, चाल नाही, हरकत नाही. तुझे बारा-चौदा बोल, त्यांच्या वजनांचे फरक, आत-बाहेरचा श्वास, ते साथ. आणि माझा एक सूर, तो गाणं. अर्जावर पेन टेकवताना स्वतःला गायकांत मोजायला मला क्षणभरही थांबावं लागलं नव्हतं. तू हे मला कधीच ऐकवलं नाहीस. वीस वर्षांत एकदाही नाही. तुला सुचलं नसेल असं मी बरीच वर्षं धरून चाललो. आता तसं वाटत नाही.

गुरुवारी सकाळी नदीवर आम्ही चौघं होतो. मंगल कल्याणहून आली, एकनाथ पनवेलहून. तुझ्या गावचं भजनी मंडळ मृदंग-टाळ घेऊन आलं होतं. त्यांचं झाल्यावर त्यांच्या बुवांनी आमच्याकडे बघून विचारलं, तुमी काय म्हणणार का? गुरुजींनी हो म्हटलं. आम्ही जवळ जवळ उभे राहिलो, जसे राहायचो तसे, तुझी जागा सोडून. गुरुजींनी डोळे मिटले. मी श्वास भरून घेतला. आणि आम्ही थांबलो. सुरुवात नेहमी तू द्यायचास. नदीचं पाणी दगडांवरून जात होतं. कुणीतरी खोकलं. बऱ्याच वेळाने गुरुजींनी डोळे उघडले आणि बुवांना म्हणाले, तुमीच म्हणा. आम्ही गायलो नाही.

घरी परतल्यावर कुंदावहिनींनी मला आत बोलावलं.

"भावजी, पेपरात द्याल ना?"

देतो म्हणालो. काय लिहू, असं विचारलं. सवयीने विचारलं, निधनाच्या बातमीत माणूस कोण होता ते एका शब्दात लिहावं लागतं.

"तुमाला ठावं नाय?" त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "ते म्हनायचे, बातमीदार माजं नाव एकदाच छापील, मी गेल्यावर. तवा काय लिवतो ते बगून ठेव."

मी ओट्यावर बसून बातमी लिहिली. तीन ओळी. शहापूरला येऊन पाठवली. संध्याकाळी डेस्कवरून उपसंपादकाचा फोन आला. नवीन मुलगा, नीट काम करणारा. त्याने विचारलं, भातसानगर येथील गायक असं लिहिलंय, तर ते काय गायचे? भजन, भावगीत?

मी म्हणालो, "ताल."

तबलावादक करू का, तो म्हणाला.

"नाही."

"सर, ताल कसा गातात?"

मी ठेका धरायचा प्रयत्न केला, फोनवर, स्टँडसमोर उभा राहून. 'धीं' निघाला नाही, नुसतीच हवा निघाली. तो ऐकत होता. मी पुन्हा केला. मग त्याने हळूच विचारलं की याला कुणाचा दुजोरा आहे का, आणि ते विचारणं त्याचं कामच होतं. मी सांगितलं, आहे. ज्या गावात वाद्य चालत नाही तिथल्या सगळ्यात जुन्या बाईने, हात लावून, चार लोकांसमक्ष. तिचं नाव ठमाबाय. ती आता हयात नाही. मी तिथे हजर होतो.

तो म्हणाला, ठीक आहे सर.

बातमी शनिवारी आली, आतल्या पानावर, तळाला. तीन ओळी, 'गायक' पहिल्या ओळीत. वय दोन वर्षांनी जास्त छापलं गेलं होतं. ती चूक माझी. मी ती कळवली. दुरुस्ती सोमवारी त्याच पानावर आली: 'भातसानगर येथील गायक सदाशिव यांचे वय चुकीचे प्रसिद्ध झाले होते. ते बावन्न वर्षांचे होते.'